दुरुस्तीनंतर गाडीचा हीटर गार हवा देतोय? दोष असा शोधा

गाडी गॅरेजमधून परत आली, जे काम सांगितलं होतं ते झालं, पण हीटर लावला की गार हवा येते. अशा वेळी 'हीटर कोअर गेला' हे निदान फार लवकर केलं जातं. बऱ्याच गाड्यांमध्ये कोअर बदलायचा म्हणजे अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, त्यामुळे हा संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. दुरुस्तीच्या आधी हीटर नीट चालत असेल, तर दोष बहुतेक वेळा जिथे हात लागला तिथेच असतो.

म्हणून पाना हातात घेण्याआधी जॉब कार्ड किंवा बिल काढा. त्यावर काय बदललं एवढंच लिहिलेलं असतं; तो भाग काढण्यासाठी आणखी काय काय सोडलं, हे मेकॅनिकला विचारावं लागतं. टायमिंग बेल्टच्या कामात वॉटर पंपही (कूलंट फिरवणारा पंप) बदलला का? रेडिएटर काढताना कूलंट पूर्ण ओतून टाकलं का? बॅटरीची वायर काढली होती का? ही उत्तरं मिळाली की निम्मं काम झालं.

आधी हीटर कसा चालतो ते

पेट्रोल-डिझेल गाडीत हीटर स्वतः उष्णता तयार करत नाही. इंजिनाची उष्णता कूलंट उचलतं, त्यातलं थोडं कूलंट दोन रबरी नळ्यांतून डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमध्ये फिरतं. हाच हीटर कोअर. ब्लोअर त्याच्यातून हवा ढकलतो. गार आणि गरम हवा किती मिसळायची हे आतली एक झडप ठरवते. तिला ब्लेंड डोअर म्हणतात आणि बहुतेक नव्या गाड्यांत ती छोट्या मोटरवर चालते. काही गाड्यांत कोअरकडे जाणाऱ्या नळीवर पाण्याचा व्हॉल्व्हही असतो.

म्हणजे गार हवेची कारणं मुळात तीनच. इंजिन पुरेसं गरम होत नाही, गरम कूलंट कोअरपर्यंत पोचत नाही, किंवा कोअर गरम आहे पण हवा त्यातून जात नाही. यापैकी कोणतं कारण आहे हे ठरवायला फारसा खर्च नाही आणि वेळही थोडाच लागतो. ते न ठरवता पार्ट विकत घेणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

सुरुवातीलाच दोन धोके

टेंपरेचरचा काटा वर चढतोय आणि हीटरमधून मात्र गार हवा येतेय, असं असेल तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. कूलंट इतकं कमी झालंय, किंवा इतकी हवा अडकलीय, की इंजिनात फिरायलाच काही उरलेलं नाही, असा याचा अर्थ असू शकतो. तसंच पुढे चालवलं तर सिलिंडर हेड वाकतं आणि हीटरचा प्रश्न मग किरकोळ वाटू लागतो.

दुसरं, इंजिन गरम असताना रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं कॅप उघडू नका. पाणी आणि कूलंटचं निम्मं-निम्मं मिश्रण साध्या दाबाला सुमारे १०७ अंश सेल्सिअसला उकळतं. बंद सिस्टीममध्ये दाबामुळे ते त्याहून बरंच गरम असूनही द्रव राहतं. कॅप फिरवताच दाब जातो आणि ते उकळत अंगावर येतं. रेडिएटरची वरची होज (रबरी नळी) हाताने दाबली असता मऊ आणि कोमट लागेपर्यंत थांबा. इंजिन चालू ठेवून तपासणी करायची असेल तर गाडी उघड्यावर उभी करा, बंद गॅरेजमध्ये नाही. सांडलेलं कूलंट लगेच पुसून धुवून टाका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात.

कूलंटची पातळी, थंड इंजिनावर

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर पातळी बघा. इथे एक फसवी जागा आहे. काही गाड्यांत प्लॅस्टिकची टाकी हा दाबाखालच्या सिस्टीमचाच भाग असतो, कॅपही तिच्यावरच असतं. तिथली पातळी बऱ्यापैकी खरी असते. पण ज्या गाड्यांत रेडिएटरवर वेगळं कॅप आहे आणि बाजूची बाटली फक्त उतू गेलेलं कूलंट धरते, तिथे बाटली 'मॅक्स' खुणेपर्यंत भरलेली असूनही रेडिएटर रिकामा असू शकतो. कॅपचं रबर खराब असेल तर थंड होताना बाटलीतलं कूलंट परत ओढलंच जात नाही. म्हणून अशा गाडीत रेडिएटरचं कॅप उघडून आत डोकावायचं.

कमी असेल तर तेच कूलंट भरा जे कंपनीने सांगितलंय. रंगावर जाऊ नका, कुठला रंग म्हणजे कुठलं कूलंट असा ठरलेला नियम नाही. न जुळणारी कूलंट एकत्र आली तर गाळ किंवा चिकट थर तयार होऊ शकतो आणि तो पहिला अडकतो तो हीटर कोअरच्या बारीक नळ्यांत.

दोन नळ्यांची परीक्षा

सगळ्या तपासणीत मला सर्वांत भरवशाची वाटते ती ही. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. हीटरचा नॉब पूर्ण लाल बाजूला, ब्लोअर वेगात, ए.सी. बंद. बॉनेट उघडून इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याकडे बघा. तिथे सारख्या जाडीच्या दोन होज आत जाताना दिसतील. फिरत्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून बाही, ओढणी, केस लांब ठेवून आधी हात जवळ नेऊन उष्णता बघा, मग अलगद स्पर्श करा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम. फक्त तो काळ्या रबरावर धरा. चकचकीत धातूवर तो कमी तापमान दाखवतो.

दोन्ही होज चांगल्या गरम, परतीची थोडी कमी: कूलंट कोअरमधून नीट फिरतंय. दोष हवेच्या बाजूला आहे, डॅशबोर्डच्या आत.

एक गरम, दुसरी गार किंवा कोमट: गरम कूलंट दारापर्यंत आलंय पण पलीकडे जात नाही. हवा अडकलीय, व्हॉल्व्ह बंद आहे किंवा कोअर तुंबलाय.

दोन्ही गार, काटा मात्र नेहमीच्या जागी: या फांदीत कूलंट येतच नाही. पातळी, हवा, पंप किंवा दुमडलेली होज.

दोन्ही कोमट आणि काटाही खाली: इंजिनच गरम होत नाही. थर्मोस्टॅटकडे बघा, म्हणजे ठरावीक तापमानाला उघडून कूलंट रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेकडे.

रेस दिली की गरम हवा आणि सिग्नलला उभं राहिलं की गार, हा प्रकार वेगळा लक्षात ठेवा. त्यात कूलंट किंचित कमी असतं, थोडी हवा असते, पंप कमजोर असतो नाहीतर कोअर अर्धवट तुंबलेला असतो. कूलंटचं काम नुकतंच झालं असेल तर हवेवर पैज लावायला हरकत नाही.

अडकलेली हवा: पहिला संशयित

रेडिएटर, होज, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि सिलिंडर हेडमधलं सील) यांपैकी कुठलंही काम झालं की कूलंट बाहेर निघतं आणि आत हवा शिरते. नव्याने भरताना ती हवा उंचावरच्या जागी साचते. हीटर कोअर बऱ्याच गाड्यांत अशाच उंचीवर असतो. कूलंट हवेचा गोळा ढकलू शकत नाही आणि प्रवाह थांबतो. डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्यासारखा आवाज येत असेल तर खात्रीच समजा.

हवा काढण्याची पद्धत गाडीगणिक थोडी बदलते, पण गाभा असा.

इंजिन थंड असताना गाडीचं नाक वर राहील अशी चढावर उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना अडसर लावा. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, म्हणजे व्हॉल्व्ह असेल तर तो उघडा राहील. ब्लोअर मात्र सगळ्यात हळू. जोरात ठेवला तर तो कूलंट गार करत राहतो आणि थर्मोस्टॅट उघडायला उगाच वेळ लागतो.

कॅप काढून हळूहळू कूलंट भरा. घट्ट बसणारं उंच फनेल मिळालं तर कूलंटची पातळी सिस्टीमच्या सर्वांत वरच्या बिंदूपेक्षा वर राहते, हा त्याचा खरा फायदा. थर्मोस्टॅटच्या घरावर किंवा हीटरच्या होजवर हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तो थोडा सैल करा. बुडबुड्यांऐवजी अखंड धार आली की बंद करा. हे स्क्रू कित्येकदा प्लॅस्टिकचे असतात, जोर लावला की तुटतात.

आता इंजिन चालू करा आणि फनेलकडे लक्ष ठेवा. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, भरत राहा. थोड्या वेळाने आरपीएम २००० ते २५०० वर धरा, सोडा, पुन्हा धरा. रेडिएटरची वरची होज अचानक गरम झाली की थर्मोस्टॅट उघडला. त्या क्षणी पातळी पुन्हा एकदम उतरू शकते, कारण आता रेडिएटरमधली हवा बाहेर येते. रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत आणि हीटरमधून गरम हवा येईपर्यंत हे चालू ठेवा. सगळा वेळ काट्यावर नजर असू द्या. कॅप लावा, एक फेरी मारा, गाडी पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा पातळी बघा आणि भर घाला. एका खेपेत सगळी हवा निघेलच असं नाही.

काही गाड्यांत, विशेषतः जिथे विजेवर चालणारा कूलंट पंप आहे, ही पद्धत पुरत नाही. तिथे स्कॅनरने (गाडीच्या संगणकाला जोडायचं तपासणी यंत्र) पंप चालवावा लागतो किंवा सिस्टीममध्ये व्हॅक्यूम तयार करून कूलंट ओढून घ्यावं लागतं. गॅरेजने ते केलं होतं का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

हवा काढली, हीटर चालला आणि थोड्या दिवसांत पुन्हा तेच? मग हवा कुठून तरी येतेय. बाहेरची गळती शोधा: नवा क्लॅम्प, गॅस्केट, पंपाखालचा ओलावा, वाळलेल्या कूलंटचा पांढरट किंवा रंगीत डाग. बाहेर काहीच नसेल, टाकीत बुडबुडे थांबतच नसतील किंवा थंड इंजिन चालू केल्यावर लगेच होज टणक होत असेल, तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरत असल्याचा संशय घ्यावा लागतो. गॅरेजमध्ये यासाठी निळ्या द्रावणाची चाचणी असते. पेट्रोल इंजिनावर ते पिवळं झालं तर हेड गॅस्केट किंवा हेडमध्ये दोष आहे.

थर्मोस्टॅटचं काम झालं असेल तर

थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९५ अंशांच्या दरम्यान उघडतो, नेमका आकडा बहुधा त्याच्यावरच कोरलेला असतो. कमी तापमानाचा बसवला, किंवा नवाच उघडा अडकलेला निघाला, तर काटा वर येत नाही. मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना तर आणखी खाली जातो. ओबीडी स्कॅनर लावला तर पी०१२८ हा कोड दिसू शकतो. त्याचा अर्थ इतकाच की कूलंट अपेक्षित तापमानाला पोचत नाही. कूलंट कमी असलं तरी हा कोड येतो, म्हणून आधी पातळी.

बसवण्यातल्या चुकाही असतात. मेणाची कुपी आणि स्प्रिंग असलेली बाजू इंजिनाकडे हवी. उलटा बसला तर इंजिन तापतं. काही थर्मोस्टॅटला हवा जाऊ देणारं छोटं छिद्र आणि त्यात हलणारी पिन असते, ती वरच्या बाजूला यायला हवी. नाहीतर हवा मागेच अडकून बसते.

आणि एक वाईट सवय: इंजिन तापतं म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायचा आणि जागा रिकामी ठेवायची. तापण्याचं मूळ कारण तसंच राहतं, इंधन जास्त जळतं आणि हीटर कायमचा कोमट होतो. बिलावर 'थर्मोस्टॅट काम' लिहिलंय पण नव्या भागाची नोंद नाही, असं दिसलं तर सरळ विचारा.

शंका असेल तर तपासणी सोपी. थर्मोस्टॅट भांड्यातल्या पाण्यात तळाला न टेकता लटकवा, पाणी तापवा, थर्मामीटरवर लक्ष ठेवा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला लागावा, गार पाण्यात पूर्ण मिटावा.

वॉटर पंप आणि पट्टा

नव्या पंपानंतर हीटर गार असेल तर हवेखालोखाल दोन गोष्टी पाहायच्या. एक, पट्टा बरोबर मार्गाने बसलाय का. चुकीच्या वळणाने पंप उलटा फिरू शकतो. दोन, पंप त्याच इंजिनाच्या प्रकाराचा आहे का. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या पंपांची पाती उलट दिशेची असू शकतात. दोन्हीत कूलंट हलतं, पण पुरेसं नाही, आणि दोष रेस दिल्यावर थोडा लपतो.

हातून राहून गेलेल्या गोष्टी

होजच्या कामात प्रवाह रोखायला मेकॅनिक नळीवर चिमटा लावतात. तो तसाच राहिलेला सापडतो. नवी होज गरजेपेक्षा लांब कापली तर वळणावर दुमडते. पाण्याच्या व्हॉल्व्हची केबल क्लिपमधून निसटते किंवा त्याची बारीक व्हॅक्यूम नळी जोडायची राहते. नॉब फिरवताना कुणाला तरी व्हॉल्व्हचा दांडा बघायला सांगा, हलायला हवा. दोन्ही हीटर होज अदलाबदल झाल्या तर पुष्कळ गाड्यांत फरक पडत नाही, पण ज्यांच्या एका तोंडात प्रवाह मर्यादित करणारी चकती असते तिथे पडतो.

फ्लशिंगनंतर तुंबलेला कोअर

गळती थांबवणारी पावडर किंवा द्रव टाकला असेल, किंवा जुनी सिस्टीम जोरात धुतली असेल, तर सुटलेला गाळ कोअरमध्ये जाऊन बसतो. आत जाणारी होज गरम, परतीची जेमतेम कोमट, हवा काढूनही फरक नाही, अशी चिन्हं मिळाली तर थंड इंजिनावर दोन्ही होज सोडून कोअर उलट्या दिशेने स्वच्छ पाण्याने धुवा. पाणी हळू सोडा. कॉम्प्रेसरची हवा थेट लावू नका, जुन्या कोअरचे सांधे ती सहन करत नाहीत. गढूळ पाणी स्वच्छ होईपर्यंत आलटून पालटून दोन्ही बाजूंनी सोडायचं. ते पाणी भांड्यात धरा, नाल्यात नको.

दोन्ही होज गरम, हवा तरी गार

बॅटरी काढली होती? मग ब्लेंड डोअरची मोटर आपली जागा विसरली असण्याची शक्यता आहे. काही गाड्या इग्निशन चालू करून थोडा वेळ बटणांना हात न लावता ठेवल्या की स्वतः जुळवून घेतात, काहींना स्कॅनर लागतो, मॅन्युअल बघा. तापमान गारवरून गरमवर नेताना डॅशबोर्डमागून टिक-टिक असा सतत आवाज आला तर मोटरचे प्लॅस्टिकचे दाते तुटलेत. काहीच आवाज नसेल तर कनेक्टर निघालेला असू शकतो. जुन्या गाडीत मोटरऐवजी केबल असते आणि नॉब हलका, मोकळा फिरत असेल तर ती निसटलीय.

एका बाजूला गरम आणि दुसऱ्या बाजूला गार हवा येत असेल तर त्या बाजूच्या झडपेचा संशय घ्या. मात्र कूलंट थोडं कमी असतानाही दोन झोनच्या (डाव्या-उजव्या बाजूचं तापमान वेगळं ठेवता येणाऱ्या) गाड्यांत असंच दिसतं.

ऑटो क्लायमेटमध्ये (केबिनचं तापमान आपोआप सांभाळणारी सिस्टीम) सेन्सर घोटाळा करतात आणि हा भाग कुणी फारसा बघत नाही. पुढचा बंपर काढला होता का? बाहेरचं तापमान मोजणारा सेन्सर बऱ्याच गाड्यांत तिथेच असतो. पडद्यावर उणे ४० असला अशक्य आकडा दिसला तर त्याची वायर जोडायची राहिलीय. डॅशबोर्ड उघडला होता का? केबिनचं तापमान घेणाऱ्या सेन्सरमागे हवा ओढणारी बारीक नळी असते, ती निघाली की सेन्सरला डॅशबोर्डमागची हवा लागते आणि केबिन उबदार झाली असं समजून सिस्टीम हीटर कमी करते. तापमान अगदी शेवटच्या 'हाय' स्थितीला नेल्यावर गरम हवा आली तर सेन्सरचा संशय पक्का.

कोअरच नवा बसवलाय आणि हवा फक्त कोमट आहे? जुन्या कोअरभोवतीच्या फोमच्या पट्ट्या नव्यावर लावल्या का, ते विचारा. त्या नसतील तर हवा कोअरच्या कडेने निसटते.

हवाच येत नसेल तर फ्यूज, ब्लोअरचा कनेक्टर आणि रेझिस्टर (ब्लोअरचा वेग कमी-जास्त करणारा भाग) बघा. फक्त सर्वांत वरचा वेग चालत असेल तर रेझिस्टरच. जळालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा घालू नका, वायर पेटेल. केबिन फिल्टर काढून एकदा चालवून बघायला काही लागत नाही. थंड इंजिनावर ब्लोअर मुद्दाम थांबवून ठेवणाऱ्या ऑटो क्लायमेट गाड्याही आहेत, तो दोष नाही.

वास, धुकं, ओला गालिचा

हीटर लावल्यावर गोडसर वास, काचेवर चिकट धुकं, पुढच्या पायाखालचा गालिचा ओला: कोअर किंवा त्याच्या सांध्यातून कूलंट गळतंय. ओल बोटाला बुळबुळीत आणि रंगीत लागली तर कूलंट. नुसतं पाणी असेल आणि काम ए.सी.चं झालं असेल, तर ए.सी.ची निचऱ्याची नळी जोडायची राहिलीय. धुराचा, एक्झॉस्टचा वास येत असेल तर मात्र गाडी वापरू नका. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःला वास नसतो आणि ते जीव घेतं.

इलेक्ट्रिक आणि काही हायब्रिड गाड्यांत उष्णता विजेच्या हीटरमधून किंवा हीट पंपातून येते. नारिंगी रंगाच्या वायर दिसल्या की हात मागे घ्या. तिथे उच्च दाबाची वीज असते. कूलंटची पातळी आणि फ्यूज एवढंच घरी बघा, बाकी प्रशिक्षित माणसावर सोडा.

गॅरेजमध्ये परत जाताना

'हीटर चालत नाही' एवढंच सांगितलं तर तपासणी शून्यापासून सुरू होते आणि बिलही. त्याऐवजी नोंद न्या: दुरुस्तीआधी हीटर कसा होता, काटा कुठे असतो, दोन होजपैकी कोणती किती गरम, रेस दिल्यावर फरक पडतो का, थंड इंजिनावर पातळी किती उतरली. दोष त्यांच्या कामातूनच आला असण्याची शक्यता असेल तर आणखी पार्ट बदलण्याआधी हवा काढणं आणि जोडण्या तपासणं त्यांच्या खर्चाने करून मागा. आणि कोअर बदलायला सांगितलं, तर होकार देण्याआधी इंजिन गरम असताना दोन्ही होजचं तापमान तुमच्यासमोर मोजायला लावा. दोन्ही जवळपास सारख्याच गरम निघाल्या, तर तुंबलेल्या कोअरसाठी डॅशबोर्ड उतरवायचं कारण उरत नाही.